अकरा नावं

टीव्हीवर उत्तरा बोलत होती, पण आवाज तिचा नव्हता.

बातमी खरं तर तिच्या संघाची होती. जपानमधल्या ग्योतोकुच्या नदीकाठी एक छोटं विद्यापीठ आहे. त्याचा फुटबॉल संघ वर्षानुवर्षं तळाला असायचा, आणि त्या शनिवारी त्यानं पहिल्या क्रमांकाच्या बड्या विद्यापीठाला एक-शून्य हरवलं होतं. सामन्यानंतर वाहिनीच्या बाईनं माइक पुढे केला, तेव्हा उत्तरा सरळ जपानीत म्हणाली होती, "पोरांनी मागे राहून त्यांना दमवलं आणि मग एकदाच घाव घातला. याला नशीब म्हणू नका."

पडद्यावर मात्र तिच्या ओठांवर कुणा दुसरीचा लाडिक आवाज चढवला होता : "मला खेळातलं काही कळत नाही हं, पण मुलं किती गोड आहेत." खाली गुलाबी अक्षरं, 'भारतातून आलेली भाग्यदेवी'. तिची टिकली तीनदा दाखवली. सामन्यातला गोल मात्र डोळ्याचं पातं लवेपर्यंतच दिसला. तो करणाऱ्या होन्माचं नाव कुठेच नाही.

"फेमस झालीस की," सोफ्यावरून तिचा नवरा अनुप म्हणाला. "आईला फोन करून सांगू?"

"गप बस. माझ्या तोंडावर दुसरीचं तोंड बसवलंय आणि तुला हसू येतंय?"

"अगं, परदेशी माणसांना इथं असाच आवाज लावतात. गंमत म्हणून. सोडून दे."

कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्या, तालमीच्या फुटबॉल संघाच्या गोलकीपरच्या मुलीला तो सोडून दे म्हणत होता. संघ हरला की त्या घरात चूल पेटत नसे, आणि ऑफसाइडवरून शेजारणींचे अबोले महिना महिना चालत. लग्न होऊन ती जपानात आली तेव्हा इथली अक्षरंही तिला परकी होती. एका दुपारी नदीच्या बांधापलीकडून ढोल ऐकू आला आणि ती बांध चढून मैदानावर गेली. ढोल वाजवणाऱ्या ताकेमुरा-सान आजोबांनी प्रेक्षकांच्या बाकावर सरकून तिला जागा दिली. जपानी ती त्याच बाकांवर शिकली, त्यातही पंचांना द्यायच्या शिव्या आधी. आता ती विद्यापीठाजवळच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, अर्धवेळ काम करते. सरावानंतर ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घ्यायला येणाऱ्या पोरांना ती चेहऱ्यानं ओळखते, नावानंही.

पुढच्या शनिवारी बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. ताकेमुरा-साननी मान लववली, पण बघितलं दुसरीकडे. मागच्या रांगेतल्या फुलवाल्या बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, "खेळातलं काही कळत नाही होय तुम्हाला? मग इतकी वर्षं आमच्याशी भांडत होता ते कशावरून, उत्तरा-सान?"

ती बातमी बघतानासुद्धा उत्तराला इतकं लागलं नव्हतं. हा बाक गेला तर या देशात तिचं म्हणावं असं काय उरणार होतं?

"मी ते बोललेच नाही," ती म्हणाली. "शब्द त्यांचे, आवाज त्यांचा. टिकली तेवढी माझी. आणि होन्माचं नाव मी दोनदा घेतलं होतं, तेच कापलं."

ताकेमुरा-साननी ढोलाची दोरी आवळली. "वाटलंच मला," ते म्हणाले. "तुम्ही पोरांना गोड कधी म्हणाला नाहीत. गाढवं म्हणता."

फुलवाल्या बाई हसल्या नाहीत, पण पुढे येऊन तिच्या शेजारी बसल्या.

तेवढ्यात ती वाहिनीची बाई कॅमेरा घेऊन पायऱ्या चढत आली. "अरे, आज टिकली नाही लावली? चालेल. एकदा हात जोडून म्हणाल का, आजही जिंकू दे?"

सामन्याआधी अकरा खेळाडूंची नावं पुकारायची इथली रीत आहे. एकजण पुकारतो आणि सगळे बाक ते नाव परत म्हणतात. तो मान ताकेमुरा-सानचा. त्यांनी भोंगा उचलला आणि उत्तरापुढे धरला. "घसा बसलाय माझा," ते खणखणीत आवाजात म्हणाले.

उत्तरा उभी राहिली. तिनं भोंगा घेतला.

"इशिमारू!"

बाक गरजले. ढोल घुमला. खाली गोलकीपरनं वळून वर बघितलं. माइक तिच्या हनुवटीशी आला, तो तिनं कोपरानं बाजूला सारला. "कुवाहारा!" पेठेत शोभला असता असा आवाज लागला होता. नावामागून नाव जात होतं आणि प्रत्येक नाव दुप्पट होऊन परत येत होतं.

"जरा हसाल का?" कॅमेऱ्यामागून बाई म्हणाली.

उत्तरानं श्वास भरून घेतला. शेवटचं नाव उरलं होतं.

"होन्मा!"