मामाची अमेरिकन तिकिटं

बोईसरच्या कारखान्यात साहेब झाल्यावर आमच्या मामानं आपल्या समुद्रकाठच्या मुरबे गावाचं नाव घेणं सोडलं. घरात सुके बोंबील बंद केले. म्हणे, वास येतो. मुंबईच्या लिलावात शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन टपाल तिकिटं घ्यायचा, आणि ती दाखवताना आम्हाला धड श्वासही घेऊ द्यायचा नाही. एका पावसाळ्यात तिकिटांना बुरशी लागली. तेव्हा साहेबांना बरोबर गाव आठवलं! पाऊस सरल्यावर मुरब्याला आपल्या आईच्या अंगणात, सुकत घातलेल्या जवळा-बोंबलांशेजारी, त्यानं ती उन्हात पसरली. बुरशी गेली, रंगही गेला. तरी तोऱ्यात विकायला नेली. लिलाववाल्यानं भिंगातून पाहिलं, मग एक नाकाशी धरलं आणि विचारलं, "कोळीवाड्यातले का तुम्ही?"