टॉवेलाखाली ठरलेलं इंटरनेट

स्वतः गोंधळून समोरच्याचाही पार गोंधळ उडवून देणारा, आमच्या हिच्या वडूजच्या मामांइतका पोचलेला माणूस उभ्या खटाव तालुक्यात सापडायचा नाही. सगळा जन्म मेंढरांच्या बाजारात गेला. त्यामुळे फ्रिज घेतानाही त्यांनी आधी त्याच्या पाठीवर थाप मारली, मग दात बघावेत तसे दार उघडून आत डोकावले आणि "बघू, पुढल्या बाजारी" म्हणून घरी निघून आले.

त्यांच्याकडे इंटरनेट होतं ते फोनच्या तारेतून किंचाळत येणारं. लेक परदेशात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते तिकडंच झालं, ही खंत मामींच्या मनातून काही जाईना. नातवाचा फोटो आला, पण कपाळापासून उतरत उतरत भुवयांपाशी आला आणि लाइन गेली. "आवं, नाक तरी दावा की!" मामी कळवळल्या. बारसं तरी डोळ्यांनी बघायचंच, असा त्यांनी हट्ट धरला आणि मामा वेगवान कनेक्शनच्या मागे लागले.

शिकलेला माणूस म्हणून त्यांनी मला विश्रामबागेतल्या माझ्या घरून वडूजला बोलावून घेतलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण जावयाला असं म्हणून चालतं होय? तिघेजण आले होते. एक टाय लावलेला फोनवाला, एक केबलवाला आणि एक गच्चीवर ताटली बसवणारा. "अनलिमिटेड म्हणताय, मग लिमिट कसलं?" मामांनी विचारलं. त्यावर जे उत्तर आलं ते देणाऱ्यालाही कळलं नसावं. "जावयबापू, कळलं काय तुमाला?" "थोडंफार," मी ठोकून दिलं.

मग मामांनी आपली रीत काढली. बाजारात टॉवेलाखाली हात घालून, एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवतात. तिसऱ्याला पत्ता लागत नाही. मामांनी एकेकाला ओसरीवर नेलं, हातावर टॉवेल टाकला आणि इंटरनेटच्या वेगाची घासाघीस सुरू केली. टायवाला बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि भिडेपोटी त्यानंही बोट दाबलं. पुढच्या दोघांनीही तेच केलं. झालं! ठरलेल्या दिवशी तिघेही शिड्या घेऊन दारात हजर. "मामा, दोघांना परत पाठवा की," मी म्हटलं. "बोट दाबलं म्हंजी शब्द दिला. आता फिरायचं कसं?" मग काय, घरात तीन तारा आल्या आणि कुठली कशात खोचायची ते कुणालाच समजेना.

बारशाच्या दिवशी त्यातली कुठलीतरी एक लागली. बाळ लख्ख दिसलं. मामी हरखल्या. पण त्याला घेतलेली लेकही तितकीच लख्ख दिसली. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं, पाळण्यापाशी दुसरी बाई नाही. बाळाच्या कानात कुर्र करायला आत्या लागते. तिथं तिनंच वाकून कुर्र केलं. मामींनी पदर तोंडाला लावला.

"फोनवर तर लय मजेत हाय म्हणायची वो," मामा मला हळूच म्हणाले. मग त्यांनी खुर्ची कॉम्प्युटरच्या अगदी जवळ ओढली, घसा खाकरला आणि विचारलं, "बाय, जेवलीस का?"