'जातो' म्हणणारा माणूस

सबंध पनवेलात कधीही खोटं न बोलणारा माणूस एकच होता, आणि त्याच्याबरोबर एका खोलीत राहण्याची शिक्षा मला तीन वर्षं झाली होती. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर क्लार्क होतो. घर लांब परभणीकडे, आणि गावात ओळख म्हणाल तर एस.टी. स्टँडवरच्या चहावाल्याची, तीही 'एक कटिंग' एवढ्या संवादापुरती. हा माझा खोलीतला सोबती तत्त्वज्ञानात एम. ए. करत होता, त्यातही बौद्ध तत्त्वज्ञानात. इतर मुलं परीक्षेपुरता अभ्यास करतात; हा तो राहत्या घरात वापरायचा. कायद्याचा विद्यार्थी काही जेवताना साक्षीपुरावे मागत नाही. पण आमचे तत्त्वज्ञ तोंडात ब्रश धरून सगळं कसं क्षणभंगुर आहे याचा विचार करत उभे राहत, आणि तेवढ्यात नळाचं पाणी जाई.

त्याच्या सत्यवचनाचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो आमच्या घरमालकिणीला. काकी मूळची उरणकडची, एकटीच राहायची. पुढचं घर तिचं, मागची खोली आमची. आता आपल्यात घराबाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. हे शिकवावं लागत नाही, बोबडं बोलणारं पोरही बरोबर म्हणतं. हा मात्र कोपऱ्यावरून काडेपेटी आणायला निघाला तरी उंबऱ्यात थांबून शांतपणे म्हणायचा, "जातो." काकी हातातलं टाकून बाहेर यायची. "जातो नाय बोलायचा रं! येतो बोलायचा." त्यावर हा समजुतीच्या सुरात सांगायचा, "काकी, जातोय हे दिसतंय. येईन की नाही, ते कुणाला माहीत? जे माहीत नाही ते कसं बोलू?" आणि पाच मिनिटांत काडेपेटी घेऊन परत. तीन वर्षांत तो हजार वेळा 'जातो' म्हणाला असेल आणि हजारही वेळा परत आला. मी येतो म्हणून निघायचो आणि ओव्हरटाइमला अडकायचो.

एकदा त्याने आठ दिवस 'मी' हा शब्द सोडला. मी म्हणून कुणी नाहीच, नुसते अनुभव येतात आणि जातात, असं त्याच्या पुस्तकात होतं. पहिल्याच दिवशी दुपारी दार वाजलं. काकीने आतून विचारलं, "कोन?" बाहेर चपला दोनदा पुढेमागे झाल्या. मग आवाज आला, "इथे भुकेचा एक अनुभव उभा आहे." काकी म्हणाली, "अनुभवाला बोल, पाय धुवून ये." पोस्टमन रजिस्टर घेऊन आला तेव्हा याने सही करायच्या आधी त्याला विचारलं, की गेल्या महिन्यात सही करणारा तोच हा, असं आपण कशावरून म्हणतो? पोस्टमन बिचारा उन्हातून सायकल मारत आलेला. तो म्हणाला, "मंग गेल्या महिन्यातल्याला बोलवा, माजी काय हरकत नाय." यावर आमचे तत्त्वज्ञ इतके खूश झाले की पोस्टमनला बसवून त्यांनी सरबत पाजलं.

डास तो मारायचा नाही. पनवेलातले डास ज्यांनी सोसलेत त्यांना या व्रताची थोरवी कळेल. संध्याकाळी तो पुस्तकात डोकं घालून बसायचा आणि अंगावर बसलेला डास हलक्या हाताने उडवून लावायचा. तो डास तिथून थेट माझ्याकडे यायचा. त्याची अहिंसा तीन वर्षं माझ्या रक्तावर पोसली गेली असं मी म्हणतो ते काही अगदीच खोटं नाही. जेवायला बसला की एकेक घास मोजून बत्तीस वेळा चावायचा. काकीने दिलेली जवळ्याची चटणी जिभेवर ठेवून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "चव येते, चव जाते." तिकडून काकी म्हणायची, "आनि भाकर निवते."

मी त्याची थट्टा फार केली. पण एक सांगतो, तो येण्याआधी मी रविवारी दिवसभर कुणाशी बोलत नसे. तळ्याच्या काठावर जाऊन बसायचो आणि माणसं मोजायचो. एकदा मी त्याला म्हणालो की मला इथे फार एकटं वाटतं. तो म्हणाला, "ज्याला एकटं वाटतं तो 'मी' आत कुठे सापडतो का बघ. बहुतेक सापडणार नाही." मी पाहिलं. मला तर लगेच सापडला. तसं सांगितलं तेव्हा त्याने हातातलं पुस्तक मिटलं, आणि पुढे दर रविवारी माझ्याबरोबर तळ्यावर यायला लागला.

त्याचं खरं बोलणं नुसतं गमतीचं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. आमच्या खोलीआधी त्याने तीन खोल्या पाहिल्या होत्या. तिन्हीकडे घरमालकांनी आडनाव विचारलं, आणि आडनावावरून उमगेना म्हणून पुढचंही विचारलं. याने सरळ सांगितलं, की आम्ही बौद्ध; घरात आजोबांच्या वेळेपासून. तिन्ही खोल्या तेवढ्यात कुणा भाच्याला वगैरे देऊन झाल्या होत्या. "गप्प बसला असतास तर?" मी विचारलं. "मग त्या खोलीत दुसराच कुणी राहिला असता," तो म्हणाला. काकीने त्याला एकच विचारलं होतं, "पानी सकाली सा वाजता येता. उठशील काय?" त्याने "प्रयत्न करीन, खात्री देत नाही" असं उत्तर दिलं आणि तिने किल्ली काढून दिली.

काकीला 'जातो' का खपत नाही, हे मला पोस्टमनने सांगितलं. काकीचा नवरा वीस वर्षांपूर्वी एका सकाळी 'जातो' म्हणून निघाला, उरणच्या मोरा बंदरावर लाँच धरून मुंबईला गेला, तो आलाच नाही. बुडाला नाही, मेल्याची खबर नाही, नुसता आला नाही. काकीच्या कपाळावर कुंकू होतं आणि गळ्यात मंगळसूत्र. मी हे आमच्या तत्त्वज्ञांना सांगितलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत नीट. त्यानंतर तो उंबऱ्यात थांबायचा, तोंड उघडायचा, मिटायचा आणि मान लववून निघायचा. 'जातो' म्हणवेना आणि 'येतो' खोटं. काकीला वाटलं पोराचा घसा बसला. तिने हळदीचं दूध सुरू केलं.

मग त्याला विदर्भात एका कॉलेजात नोकरी लागली. कायमची. तिकडेच घर होतं, म्हातारे आईवडील होते. त्याने पनवेलला पुन्हा येण्याचं काही कारण नव्हतं, आणि हे त्याने मला तसंच सांगितलं होतं. निघायच्या सकाळी काकीने त्याच्या हातावर दही घातलं. मी ट्रंक उचलून उभा. त्याने दही चाटलं, चपला घातल्या, उंबऱ्यात थांबला. काकी त्याच्या तोंडाकडे बघत होती. मी मान खाली घातली.

"येतो, काकी," तो म्हणाला.

"ये," काकी म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

स्टँडपर्यंत ट्रंक मीच नेली. बस लागल्यावर खिडकीतून तो म्हणाला, "मी खोटं बोललो." त्यातला 'मी' त्याने इतक्या जड जिभेने उच्चारला, की माझ्या ओठांवर आलेली थट्टा तिथेच राहिली.

त्याची दोन पत्रं आली, मग थांबली. मला राग नाही. नोकरी, संसार, माणसं अशीच लांब जातात. पण काकीने त्याची खाट कुणाला दिली नाही. भाडेकरू विचारायला आले की सांगायची, "एक पोरगा येनार हाय." मी एकदा धीर करून म्हणालो, "काकी, तो काही आता येत नाही." ती हसली. "तू येतो बोलतोस ता सगलीच बोलतात. त्याने कदी बोलला नाय, आनि त्या दिवशी बोलला. तो खोटा बोलत नाय." तो खोटं बोलला होता हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि दोघांनीही ते तिला सांगितलं नाही.

पुढे मी नव्या पनवेलात ब्लॉक घेतला. एकटाच राहतो, त्यामुळे येतो कुणाला म्हणायचं हा प्रश्न मिटला आहे. पण दर रविवारी मी काकीकडे जातो. त्याचा शब्द कुणीतरी पाळायला हवा, असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे मला दुसरीकडे जायला जागाही नाही. दार वाजवतो. आतून हल्लीच्या थकलेल्या आवाजात येतं, "कोन?"

"मी," मी म्हणतो.

काकी दार उघडते, आणि मला 'ये' म्हणण्याआधी मान जराशी तिरकी करून माझ्या मागे बघते.