आईची चीर

पेतेमिनला आम्ही तीस वर्षं दगड मारले, आणि त्याच्याइतका जवळचा मित्र मला दुसरा नाही.

मेलेल्यांचे देह मसाले भरून टिकवायच्या आमच्या मंडपात माणसाची डावी कूस चिरायची ती त्यानंच, काळ्या दगडाच्या सुरीनं. चीर पडली की सुरी टाकून त्यानं पळायचं आणि आम्ही शिव्या देत मागे लागायचं. देहाला जखम करणारा तो पापी. त्याला हाकललं की पाप त्याच्याबरोबर बाहेर जातं, मेलेल्याला चिकटत नाही. आता, आम्ही मारायचो ते बारीक खडे, तेही नेम चुकवून. तोही ऐटीत पळायचा, आणि संध्याकाळी बिअर पिताना मला म्हणायचा, "आज तुझी शिवी अगदीच मिळमिळीत होती बघ."

यंदा पुराच्या आधी त्याची आई, रेनपेतमावशी, गेली. मी म्हटलं, पलीकडच्या मंडपातला चिरणारा बोलावू. पेतेमिन उसळलाच.

"त्याचा हात खोल जातो. हृदयाला धक्का लागला तर देवांपुढे न्यायाच्या वेळी तोलायला तराजूत काय ठेवायचं, तुझं डोकं?"

"अरे, पण आई आहे ती तुझी."

"म्हणूनच. मी चिरणार. पुढे आतडी-फुप्फुसं काढायला हात तुझा जाईल. तेवढा सांभाळ."

त्यानं चिरलं. सरळ, चार बोटं, हात जरासुद्धा हलला नाही. सुरी टाकून तो पळाला, आणि आमच्यातल्या एकाचाही हात उठेना. आई गेलेल्या माणसाला कोण दगड मारणार?

कुंपणापाशी तो थांबला. पाठमोराच ओरडला, "हात झडले का रे तुमचे? ते पाप तिच्या अंगावर ठेवता? माझ्या आईच्या?"

मी दगड उचलला. खडा नव्हे, दगड. तोंडाला येईल ती शिवी दिली आणि नेम धरून मारला. त्याच्या पाठीत बसला. तो वाकला, मग पळत सुटला. मग बाकीच्यांनीही मारले. मला स्वतःची लाज वाटली, पण माझं चुकलं असं मी अजूनही म्हणणार नाही.

आत येऊन मी खजुराच्या दारूनं हात धुतले आणि कामाला लागलो. एकेक भाग बाहेर काढताना, आतच ठेवायचं असतं ते मावशीचं हृदय बोटांना लागत होतं. मी श्वास धरून हात वळवला. काम संपलं तेव्हा ते होतं तिथेच होतं, ओरखडासुद्धा नाही.

चिरणाऱ्याशी सूर्य मावळेपर्यंत कोणी बोलायचं नसतं. मी दारात गेलो. लांब कालव्याच्या बांधावर तो आमच्याकडे पाठ करून बसला होता, इतका वेळ, उन्हात.

"आहे रे!" मी ओरडलो. "अख्खं आहे! जागेवर!"

त्यानं वळून पाहिलं नाही. डोकं गुडघ्यांत घातलं आणि आईसाठी पहिल्यांदा मोठ्यानं रडला.