घड्याळातली कांडी

तारेतून वीज जाते का हे बघायच्या मीटरचा काटा हलला नाही. मी दोन्ही टोकं पुसून पुन्हा लावली. तरी नाही. मीटरच गेला असेल म्हणून त्याच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून बघितल्या, तर काटा टुणकन शेवटपर्यंत गेला. म्हणजे मीटर ठणठणीत होता. बिघडलं होतं ते करीम चाचांचं घड्याळ, आणि ते माझ्या हातून बिघडलं होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आयटीआयमधून घड्याळदुरुस्तीचा कोर्स करून मी भिवंडीत भोईर काकांच्या दुकानात लागले, त्याला जेमतेम दीड महिना झाला होता. आमच्या बॅचला मुली दोनच. दुसरीचं लग्न कोर्स संपायच्या आतच झालं. टेमघरहून मी रोज सकाळी यायची आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची. घड्याळ दुरुस्तीला देताना लोक माझ्यावरून नजर फिरवायचे आणि काकांकडे द्यायचे.

काका जुने कारागीर. चावीच्या घड्याळात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण सेलच्या घड्याळाचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी. "त्याला काळीज न्हाय," ते म्हणायचे. "आत नुसती डब्बी हाय." तरीही गल्फहून येणारा प्रत्येक माणूस मनगटावर सेलचं घड्याळ बांधूनच येत होता, त्यामुळे ते घेणं भाग होतं. मला ठेवलं ते त्यासाठीच. "चावीवाली माजी, सेलवाली तुजी," अशी पहिल्याच दिवशी वाटणी झाली. सेल बदलण्यापलीकडे मला त्यातलं फारसं काही येत नाही, हे मी सांगितलं नव्हतं. कोर्समध्ये क्वार्ट्झचा, म्हणजे सेलच्या घड्याळांचा, धडा शेवटचा होता आणि तो शिकवायच्या आठवड्यात सर इलेक्शन ड्युटीवर होते.

करीम चाचा आमच्या मागच्याच गल्लीतल्या पॉवरलूम कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे लूम अडला की तो चालू करून देणारा मिस्तरी. आधी वीणकाम केलं, मग जॉबरकी, अशी त्यांची तीस वर्षं भिवंडीत गेली होती. आता कान गेले होते, गुडघे गेले होते आणि ते कायमचे आझमगडकडच्या आपल्या गावाला निघाले होते.

त्यांचं घड्याळ जपानी होतं. क्वार्ट्झ ही चीज नवीन निघाली त्या काळातलं. जाडजूड, स्टीलचं, हातात घेतलं की वजन कळणारं. कारखान्यात नवे लूम वेळेवर चालू करून दिले म्हणून मालकाने खूश होऊन स्वतःच्या हातातलं काढून दिलं होतं. चारेक वर्षं ते बंद पडून पेटीत होतं. काका जेवायला गेले होते, म्हणून चाचांना ते माझ्याकडे द्यावं लागलं.

"बेटी, सनीचर को गाड़ी है," ते म्हणाले. "गाँव में सब पूछेंगे, तीस साल भिवंडी में रहे, क्या लाए? यही दिखाऊँगा. लेकिन बंद घड़ी कैसे दिखाऊँ?"

"गुरुवार को आइए चाचा, चालू मिलेगी," मी म्हटलं. घड्याळ उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं. नवशिक्याकडे हत्यारं कमी असतात, पण आत्मविश्वासाला तोटा नसतो.

झाकण काढलं तर जुना सेल आतच फुटून वाहिला होता. धातूच्या पट्टीवर हिरवट-पांढरी खरपुडी जमली होती. त्यावर उपाय मला माहीत होता. समोरच्या सरबतवाल्याकडून लिंबाची फोड आणली, काडीच्या टोकाने रस लावला. फसफसलं, सुटलं. मग पेट्रोलने पुसून पट्टी लख्ख केली आणि नवा सेल घातला. घड्याळ हललं नाही.

आता इथे एक सांगायला हवं. चावीच्या घड्याळात बॅलन्स व्हील नावाचं एक चाक असतं. पिवळं, चमकणारं, सारखं डुलणारं. बंद घड्याळ उघडलं की आधी त्याला टोकाने हळूच धक्का द्यायचा. डुललं तर घड्याळात जीव आहे. "आधी नाडी बघा," असं सर म्हणायचे. कोर्सभर आमच्याकडून त्यांनी हे इतक्यांदा करून घेतलं होतं की हाताला ते पाठ झालं होतं. सेलच्या घड्याळात बॅलन्स व्हील नसतंच. पण एक काहीतरी पिवळं, चमकणारं होतं. माझ्या हातात बारीक स्क्रूड्रायव्हर होता. मी विचार करायच्या आत हाताने नाडी बघितली.

ती कॉइल होती. केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली. सर्किटकडून दर सेकंदाला एक झटका येतो, कॉइल क्षणभर लोहचुंबक होते आणि काटा एक घर पुढे सरकवते. ही तार तुटली की सगळं संपलं. मी डोळ्याला भिंग लावून बघितलं. वरच्या थरावर चकचकीत ओरखडा होता. तारेचं एक टोक उभं राहिलं होतं. दुसरं कुठे दिसतच नव्हतं.

मी काकांना सांगितलं. आधी तासभर टेबल आवरत बसले, मग सांगितलं.

काकांनी मुंबईच्या घड्याळ बाजारात त्यांच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला फोन लावला. या मॉडेलचं त्याने फक्त नाव ऐकलं होतं. पार्ट मिळायचा प्रश्नच नव्हता.

"चिठ्ठीवर काय लिवलंय?" फोन ठेवून काकांनी विचारलं.

घड्याळ घेताना आम्ही त्याला चिठ्ठी बांधायचो. त्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि घड्याळ आलं तेव्हा चालू होतं की बंद.

"बंद," मी म्हटलं.

"मंग झालं तर. बंद आलं, बंद दे. तुला कोन नाव ठेवनार?"

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. बुधवारी दिवसभर मी मनात वाक्य घोळवत होते: चाचा, मशीन बहुत पुरानी है, पार्ट नहीं मिलता. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या.

गुरुवारी दुपारी चाचा आले. इस्त्रीचा कुर्ता घातला होता. काउंटरवर त्यांनी कागदाची पुडी ठेवली. आत घड्याळाचा पट्टा होता. तपकिरी, चामड्याचा, कोरा.

"पुराना पट्टा अच्छा नहीं दिखता," ते म्हणाले. "नया ले आया."

दिवसभर घोळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. "चाचा, तार टूट गई," मी म्हटलं. "घड़ी ठीक हो जाती. मेरे हाथ से तार टूटी."

काकांनी भिंगातून एक डोळा वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

चाचा मात्र हसले. "तार टूटी? बस? अरे, हमारे यहाँ दिन में सौ बार टूटती है. टूटी तो जोड़ो."

माझ्या लक्षात आलं. लूमवर सुताच्या धाग्याला तार म्हणतात. आमच्या गावात 'तार तुटली' हे वाक्य माणसाने शिंकावं तितक्या सहज बोललं जातं. त्यांना वाटलं, आतला कसला तरी दोरा तुटला.

"वो तार नहीं चाचा. ये ताँबे की है. बाल से भी बारीक."

"दिखाओ."

मी त्यांना भिंग दिलं. ते डोळ्याला कसं धरायचं हे दाखवावं लागलं. मग ते कॉइलवर वाकले.

"अरे," ते म्हणाले, "ये तो कांडी है!"

कांडी म्हणजे लूमवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवतात ती सूत गुंडाळलेली नळी. मी टेमघरची, लहानपणापासून कांड्यांच्या ढिगात खेळलेली. कॉइलकडे दोन दिवस टक लावून बघत होते, आणि हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

"एक सिरा खड़ा है. दूसरा?"

"गुम हो गया."

"गुम कहाँ जाएगा? बैठ गया है नीचे." त्यांनी कॉइल फिरवून वेढ्यांची दिशा बघितली. मग स्वतःच्या खांद्यावरून सुताच्या कचऱ्याचा एक पुंजका काढला. पॉवरलूमच्या माणसाच्या अंगावर तो असतोच, इस्त्रीचा कुर्ता असला तरी. "जिधर से भरी है उसके उल्टा फेरो. हल्के से. सिरा कपास को पकड़ेगा."

मी चिमट्यात तो पुंजका धरला आणि वेढ्यांच्या उलट दिशेने फिरवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो अडकला. भिंगातून बघितलं तर एका तंतूने तारेचं टोक उचलून धरलं होतं. माझ्या तोंडून "सापडलं!" असं इतक्या मोठ्याने निघालं की काका उठून आले.

आता जोडायचं होतं. शेजारच्या रेडिओवाल्याकडून कावीया आणला, म्हणजे कथिल वितळवून टाका लावायचं विजेचं हत्यार. त्याचं टोक माझ्या बोटाएवढं जाड. त्यावर जाड तार गुंडाळून एक निमुळतं टोक पुढे काढलं. तयारी झाली, पण टेबल स्वस्थ बसेना. दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना होता. दिवसभर भिंत हलायची, भिंतीबरोबर टेबल हलायचं. एरवी आम्हाला ते जाणवतही नसे. भिंगाखाली मात्र दोन टोकं एकमेकींसमोर फुगड्या घालत होती.

ते बघून चाचा बाहेर गेले. पाच मिनिटांनी भिंतीपलीकडचा एक लूम थांबला. मग दुसरा. मग तिसरा. टेबल शांत झालं. दुकानातला पंखा कुरकुरतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"या पंधरा वर्सांत मी सांगून सांगून दमलो," काका म्हणाले, "माज्यासाठी एक बी लूम थांबला न्हाय."

चाचा परत आले. "दस मिनट," त्यांनी सांगितलं. "वो लड़का मेरा सिखाया हुआ है. जल्दी करो, उसका नुकसान होता है."

मी दोन्ही बाजूंनी एकेक वेढा उलगडला. टोकं एकमेकींवर ठेवून पीळ दिला. चाचा माझ्या कानाशी कुजबुजत होते, "गाँठ छोटी. साँस रोको. थूक मत लगाना, इधर थूक नहीं चलेगी." मी श्वास रोखला आणि टाका लावला. मीटरच्या वायरी टेकवल्या. काटा उठला आणि मधोमध जाऊन थांबला.

मला रडू आलं. भिंगावर वाफ धरली, ते काढून पुसावं लागलं.

कॉइल बसवली, स्क्रू लावले, सेल घातला. सेकंदकाटा हलला नाही.

सेल काढून पुन्हा घातला. नाही. मीटर लावला, कॉइल जिवंत होती. पट्टी लख्ख होती. सेल नवा होता. भिंतीपलीकडे लूम एकेक करून पुन्हा सुरू झाले. माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि सांगण्यासारखंही काही नव्हतं.

"रहने दो बेटी," चाचा म्हणाले. "तुमने मेहनत की. ढक्कन लगाओ, पट्टा लगाओ. बंद ही पहन के जाऊँगा."

मी झाकण लावलं. पट्टा लावला. त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. चाचांनी घड्याळ मनगटावर चढवलं, हात वाकवून बघितला आणि कपाळाला आठी घातली.

"ये चुभती है," असं म्हणत त्यांनी घड्याळाच्या कडेला बाहेर आलेली चावी अंगठ्याने आत दाबली.

सेकंदकाटा एक घर सरकला. मग दुसरं.

सेलच्या घड्याळात वेळ लावायला चावी बाहेर ओढली की आतला झटका बंद होतो. काटा थांबतो. मी तोवर शिकलेल्या चावीच्या घड्याळांत असं काही होत नसे. ती चावी ओढली तरी चालूच राहायची. घड्याळ उघडताना पहिल्या दिवशी काटे फिरतात का ते बघायला चावी मीच ओढली होती आणि तशीच ठेवली होती. म्हणजे लिंबाने पट्टी साफ करून नवा सेल घातला, तेव्हाच घड्याळ दुरुस्त झालं होतं. त्याला फक्त एक अंगठा हवा होता. मी त्याऐवजी त्याची तार तोडली, दोन दिवस शोक केला आणि तीन लूम थांबवून ती परत जोडली.

हे सगळं मला एका क्षणात कळलं. सांगायला मी तोंड उघडलं.

पण चाचा काउंटरवर थाप मारून काकांना ओरडून सांगत होते, "जुड़ गई! सेठ, तार जुड़ गई! गाँव में कोई पूछेगा ना क्या लाए, तो बोलूँगा, जापान की घड़ी लाया हूँ, और उसकी तार मैंने जोड़ी है." त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी तोंड मिटलं. त्यात थोडा भित्रेपणा होता, नाही असं नाही.

ते गेल्यावर काकांनी विचारलं, "नक्की काय झालतं गं?" त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"मंजे काय केलं नसतंस तरी चाललं असतं?"

"हो."

"आन त्यानी जोडली ती तार?"

"ती खरंच जोडली. ती जोडली नसती तर आता चाललं नसतं."

"मंग तो खोटं कुटं बोलला?" काका म्हणाले आणि आपल्या कामाला लागले. दुसऱ्या दिवशी आलेलं चावीचं एक घड्याळ त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

चाचा शनिवारी गेले. ते घड्याळ पुढे किती वर्षं चाललं, मला माहीत नाही. मी मात्र हेच काम करत राहिले, पुढे स्वतःचं दुकान टाकलं. बंद घड्याळ आलं की मी सगळ्यात आधी चावी दाबून बघते. पण गिऱ्हाईक समोर असताना नाही. ते पायरी उतरून गेलं की मग.