मौलालीची हाळी

पडदा उघडायच्या आधी मौलाली विंगेतून एकेकाला हाळी द्यायचा. आमच्या नाटक कंपनीचा तो लाईटवाला. "पेटी?" "हाय!" "तबला?" "हाय!" "राणीसाहेब?" सगळ्यांची उत्तरं आल्याखेरीज तो स्टेजवर उजेड टाकायचा नाही. मालक दातओठ खायचे, पुढच्या रांगेतले पुढारी घड्याळ बघायचे, पण हा ढिम्म. एकदा मी पदराच्या पिनेशी झटापट करता करता उत्तर द्यायला विसरले, तर अंधारातून आवाज आला, "राणीसाहेब मेल्या असतील तर तसं सांगा, शेवटचा अंक आधी लावतो!" हशा पार प्रेक्षकांत गेला. बारीक अंगाचा, खणखणीत गळ्याचा माणूस. त्याने माझ्या चेहऱ्यावर टाकला तसा उजेड पुन्हा कुणी टाकला नाही.

शहाण्णवच्या सुमाराला कंपनी बुडाली. मी शिवाजी पेठेत भावाकडे राहिले. मौलाली बायकोला, हुसेनबीला, घेऊन कागलच्या पुढे आपल्या गावी गेला. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गल्लीतली माणसं अजून नांदताहेत. गल्ली मोठी गमतीची. एका बाजूची घरं महाराष्ट्रात, दुसऱ्या बाजूची कर्नाटकात, मध्ये बैलगाडी जाईल एवढा रस्ता.

दोन्ही राज्यांच्या मोठ्या ऑफिसांत करारमदार होते म्हणे. सामाईक तारांतून कुणी किती वीज ओढायची, टंचाई आली की कुणी आधी आपली गावं अंधारात टाकायची, सगळं ठरलेलं. गल्लीच्या पदरात त्यातून एवढंच पडायचं, की इकडची लाईट गेली की बहुधा तिकडची असायची, आणि तिकडची गेली की इकडची. मग माणसांनी आपला वेगळा करार केला. विरजण मागावं तशी लाईट मागायची. समोरच्या घरातून वायर यायची आणि आपल्या घरात जोडली जायची. कायद्याने ती चोरीच. पण दोन्हीकडची पोरं त्या उजेडात दहावी पास झाली.

मौलाली तिथं झिरो वायरमन झाला. म्हणजे खांबावर चढायचं याने, आणि पगार, हजेरी, विमा सगळं शून्य. पगारी लाईनमन सयाजी खाली उभा राहून वर बघायचा. "त्येंचं पोट आधी चढतंय, मग त्ये," मौलाली म्हणायचा, आणि सयाजीच सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

उसन्या लाईटीतला धोका मात्र मौलालीने ओळखला होता. घरातला मेन स्विच न पाडता समोरची वायर जोडली, तर तो करंट उलटा बाहेर पडून खांबावरच्या तारेत जातो. तार मेलेली समजून वर चढलेला माणूस तिथंच संपतो. म्हणून डीपीचे, म्हणजे गल्लीची लाईट तोडणाऱ्या पेटीतले, फ्यूज काढून झाले तरी तो चढायचा नाही. आधी गल्लीभर हाळी देत फिरायचा. मी एकदा उरुसाला गेले होते तेव्हा पाहिलं.

"बाळाबाई, मेन?"

"पडला!"

"कृष्णात?"

"पाडला की रं! जेवू दे की जरा!"

"जेव, जेव. अंधारात दोन भाकरी जास्त जात्यात."

गुरुपाद अण्णांच्या दारात तो थोडा रेंगाळायचा. लिंगायताचं घर, किराणा दुकान. भाऊ सोमशेखर समोरच, कर्नाटकात. गुरुपादांची बायको शांतव्वा मौलालीला तम्मा म्हणायची, धाकटा भाऊ.

"अक्का, मेन?"

"पडला, तम्मा. आणि च्या घेतल्याबिगर चढलास तर तंगडी मोडीन."

मी विचारलं, "आत जाऊन बघत का नाहीस रे?"

"बाई, तुम्ही 'हाय' म्हटल्यावर मी कधी विंगेत येऊन बघितलं व्हय?"

दोन हजार सहा साली शांतव्वाच्या मुलीचं, शिवलीलाचं, लग्न निघालं. हळदीच्या दिवशी खांबावरचं एक कनेक्शन ढिलं झालं आणि मांडवाची लाईट फडफडायला लागली. शांतव्वानेच मौलालीला बोलावलं. "तम्मा, सांजच्याला पावणं येत्यात. तेवढं बघ की."

दुपारी ठरल्या वेळी लाईट गेली. मौलालीने फ्यूज काढले, हाळी सुरू केली. घराघरांतून उत्तरं आली. शांतव्वाच्या घरात मात्र एक रीत होती. हळद लागल्यापासून पोरीची पाठवणी होईतो घरातला दिवा कुणी आपल्या हाताने मालवायचा नाही. आपोआप गेला तर दोष नाही, हाताने गेला तर पोरीच्या संसाराला लागतो. मेन पाडणं म्हणजे तिच्या लेखी दिवा मालवणंच.

"अक्का, मेन?"

हळदीचे हात तसेच धरून ती मांडवातून म्हणाली, "पडला, तम्मा!"

मौलाली चढला. वर बल्ब लावून तपासलं. तार मेलेली होती.

समोर सोमशेखर ओट्यावर होता. वहिनीचं उत्तर त्याने कानाने ऐकलं होतं. पुतणीच्या हळदीत अंधार नको म्हणून त्याने आपल्या घरातून वायर सुरू केली. देवघरातला बल्ब लागला, बायका आनंदाने ओरडल्या. बाकी सगळ्या घरांनी मेन पाडलेले, त्यामुळे दुसरीकडे कुठेच काही लुकलुकलं नाही. सगळा करंट तारेत जाऊन मौलालीच्या हाताची वाट बघत राहिला.

तो ओरडलासुद्धा नाही. खालून सयाजीने तीनदा हाक मारली.

त्या बाईला कुणी कधी सांगितलं नव्हतं की मेन पाडला असता तरी तिचा बल्ब गेला नसता. वायर मेनच्या आतल्या बाजूला जोडलेली होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही राज्यांचे साहेब आले. मीही सकाळच्या एसटीने पोचले होते.

"करंट तुमचा," इकडचे म्हणाले.

"खांब तुमचा," तिकडचे म्हणाले.

सयाजीने सांगितलं, "ह्यो आमच्या खात्याचा न्हाय. का चढला, मला ठावं न्हाय." वायरी कुणी टाकल्या, असं साहेबांनी विचारलं. मग कृष्णात म्हणाला, "मौलालीच टाकायचा." बाळाबाईने होय म्हणून मान हलवली. गुरुपाद अण्णांनीही हलवली. लग्न कागलला कार्यालयात हलवलं होतं, त्यांना अक्षतेला पोचायचं होतं. हुसेनबी शांतव्वापुढे जाऊन उभी राहिली. "अक्का, तुम्ही उत्तर दिलतं. तेवढं सांगा." शांतव्वा भिंतीकडे बघत म्हणाली, "मला आठवत न्हाय, बाई." एरवी शांतव्वा तिला हुसेनबी म्हणायची. बाई कधी म्हणाली नव्हती.

मौलाली वीजचोर ठरला. वर्षानुवर्षं भांडणारी दोन ऑफिसं तासाभरात एका कागदावर एकमताने आली. इथून पुढे कुठलीही वायर गल्ली ओलांडणार नाही. घराघरातून सह्या घेतल्या, वायरी तोडून जीपमध्ये टाकल्या.

मय्यत दवाखान्यातून दिवस मावळताना घरी आली. त्याच वेळेला मौलालीच्या, महाराष्ट्राच्या बाजूची लाईट गेली. आंघोळ घालायला आलेली माणसं चाचपडत होती. समोर सोमशेखरच्या ओट्यावर बल्ब जळत होता. हुसेनबी रस्ता ओलांडून गेली, मी तिच्या मागे.

"दादा, घडीभर वायर द्या. त्यांना आंघोळ घालायची हाय."

सोमशेखर रडत होता, खोटं कशाला सांगू. पण दारातून हलला नाही.

"सही झालीय, व्हैनी. आता कसं देता येतंय?"

आम्ही परत आलो. आत कुणीतरी काडी ओढली, ती विझली, मग दुसरी ओढली.