रुंद खांब, पातळ पत्रा

शाळा नववीत सुटली, आणि फिरत फिरत मी गोंदियाकडून सोलापुरात येऊन पडलो. वर्कशॉपच्या मालकांनी काम दिलं, वरची खोली दिली, दोन वेळचं जेवण दिलं. त्यामुळे त्यांना कुणी फसवतंय असा मला नुसता संशय आला, तरी मी त्या माणसावर डोळा ठेवायचो.

लग्नाच्या मांडवाला लोखंडाऐवजी हलके ॲल्युमिनिअमचे खांब करायचे, ही मालकांची कल्पना. त्यासाठी आलेल्या इंजिनिअर मॅडमनी आमचा मनगटाएवढा जाडजूड पाईप बाजूला सारला आणि मांडीएवढा रुंद आणला. पत्रा इतका पातळ, की टिचकी मारली तर डब्यासारखा वाजे. "वजन दोन्हींचं सारखंच आहे," त्या म्हणाल्या. पाईपवाल्याशी यांचं साटंलोटं असणार, मी मनात धरलं.

त्यांनी अंगणात चौकट उभारली, तिच्यात एकेक पाईप उभा बसवून खालून जॅक लावला. आमचा पाईप बराच वेळ ताठ राहिला आणि एकाएकी मधोमध धनुष्यासारखा वाकला. रुंद पाईप तेवढ्याच दाबाला हललाही नाही.

"खांब दाबानं चिरडला जात नाही, मधूनच बाजूला पळतो," मॅडम म्हणाल्या. "रुंद असला, की पळणं अवघड."

जॅकवरचा दाबाचा काटा मी दोनदा वाकून बघितला. तरी संशय पुरता गेला नाही.

मालक मात्र खूश. "उद्याच माल भरा की! मांडववाल्याची ही ऑर्डर बुडाली तर ॲल्युमिनिअम बंद, आन् ह्या 'हो जी'ला गोंदियाची गाडी!" माझ्या गोंदियाकडच्या 'जी'ची ते नेहमीच थट्टा करत. सगळे हसले. मीही हसलो, पण ती गाडी डोक्यातून जाईना.

तेवढ्यात मॅडमनी मला विचारलं, "मांडववाले टेम्पोतून पाईप कसे उतरवतात?"

मलाच का? उद्या मांडव पडला तर खापर माझ्यावर? मालक चपलेनं माती उकरत होते. पाईप कसे उतरतात आणि त्यात पातळ पत्रा चेपणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण मांडवाखाली माणसं बसणार होती.

"फेकतात जी. वरून, एकावर एक."

मॅडमनी एका रुंद पाईपवर दुसरा टाकायला लावला. वाटीएवढा खळगा पडला. जॅक लावताच तो चेपलेला पाईप मघापेक्षा कितीतरी कमी दाबाला त्या खळग्यातच दुमडला.

"रुंदच, पण जरा जाड पत्र्याचा मागवावा लागेल," त्या म्हणाल्या. म्हणजे उद्याचा माल गेला.

मालक तडक ऑफिसात शिरले. मी जिन्यात थांबून कान दिला. ते मांडववाल्याला फोनवर सांगत होते, "उशीर हुईल. तुमची माणसं पाईप फेकत्यात म्हनं... कोन म्हन्तंय? आमचाच माणूस हाय की!"

आवाज रागाचा होता की कसला, कळेना. पण मी बॅग भरायला वर गेलो नाही.